आईची भूमिका आली आहे, आणि हप्ता पाच तारखेला असतो

ताई, नमस्कार.

मी मूळची कराडची. साडेचार वर्षं एका रोजच्या मालिकेची नायिका होते. गेल्या दिवाळीच्या तोंडावर मालिका संपली, त्याला आता आठ महिने झाले. एवढ्यात अकरा ऑडिशन दिल्या. चॅनलवाले म्हणतात, ‘चेहरा अजून त्याच पात्राचा वाटतो, थोडं थांबू या.’ एका वेबमालिकेच्या ऑडिशनला कास्टिंगचा मुलगा म्हणाला, ‘मॅम, जरा टीव्हीसारखं होतंय.’ घरी येऊन खूप रडले.

आता एका नव्या मालिकेत नायिकेच्या आईची भूमिका आली आहे. येत्या श्रावणात मला बत्तीस पूर्ण होतील. नायिका होणारी मुलगी पंचविशीची आहे. व्हॉट्सॲपवर आलेलं पात्र असं: विधवा, वय पंचेचाळीस, पोळीभाजी केंद्र चालवते, दोन मुली, हृदयविकार आहे पण मुलींपासून लपवते, थोरलीचं लग्न डोळ्यांदेखत व्हावं ही एकच इच्छा. नवरा म्हणतो, काम आहे, घे. आई म्हणते, अजून तुझी कूस उजवायची आहे आणि टीव्हीवर घोडनवरीची आई होतेस?

घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला आहे. दर पाच तारखेला 46 हजारांचा हप्ता जातो. घर नवऱ्याच्या पगारात चालतं, हप्ता माझ्याकडे. साठवलेले पैसे अजून चार हप्त्यांना पुरतील. जुन्या निर्मात्याकडे शेवटच्या दोन महिन्यांचे 2 लाख 80 हजार अडकलेत. फोन केला की ‘चॅनलकडून आले की लगेच’ एवढंच ऐकू येतं.

गावदेवी मंडईत बायका अजून पात्राच्या नावाने हाक मारतात. ‘किती वाळलीस गं, सासू त्रास देते का?’ माझं खरं नाव त्यांना माहीत नाही. आधी मजा वाटायची, आता घशाशी येतं. आणि एक वेड्यासारखी गोष्ट. शेवटच्या दिवशी ड्रेसदादांनी मला त्या पात्राचं मंगळसूत्र दिलं, ‘ठेव ताई, आठवण.’ ते कपाटात आहे. टाकवत नाही, बघवत नाही. त्याचं काय करू?

— एक नायिका (अजून म्हणू का?), ठाणे

प्रिय मुली,

अजून म्हण. आठ महिन्यांत ते पद जात नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. प्रश्न बरेच आहेत, पण आधी थेट त्या पात्राकडे जाते. तुझी, तुझ्या नवऱ्याची आणि तुझ्या आईची, तिघांची नजर ‘वय पंचेचाळीस’वर अडकली आणि त्याच ओळीतला खरा शब्द निसटला. हृदयविकार.

रोजच्या मालिकेत आईची ओळखच हृदयविकाराने होत असेल, तर तिचं पुढे काय व्हायचं ते लेखकांच्या खोलीत बहुतेक ठरलेलं असतं. थोरलीचं लग्न हा पहिला मोठा ट्रॅक, म्हणजे गोष्टीचा धागा. मंडपात नाही तर लग्नानंतरच्या पहिल्या सणाला आई जाणार, धाकटी थोरलीच्या गळ्यात पडणार, आणि सासरी छळ सुरू झाला की नायिकेला परतायला माहेर उरलेलं नसणार. नायिकेला एकटं पाडल्याशिवाय गोष्ट पेटत नाही, म्हणून आई मरते. तुला साठ-सत्तर भाग मिळतील, फार तर शंभर. त्यानंतर तू भिंतीवर असशील आणि नायिका तुझ्या फोटोसमोर उभी राहून बोलेल. माझा अंदाज चुकला तर मला आनंदच आहे. पण अंदाजावर का राहायचं? विचार त्यांना.

मला हे कुठून कळतं ते सांगते. सहा वर्षं मी एका मालिकेत थोरली जाऊ होते. एके दिवशी मेकअप रूममध्ये आर्टचा मुलगा आला. म्हणाला, ‘ताई, तुमचा एकटीचा चांगला फोटो आहे का? जरा मोठा करायचाय.’ मला वाटलं, दिवाणखान्यात घरातल्या सगळ्यांचे फोटो लावणार असतील. हौसेने पैठणीतला दिला. जेवणाच्या सुट्टीत विचारलं, कुठल्या भिंतीवर लावतोयस रे? पोरगा गडबडला. त्याच्या टेबलावर चंदनाचा हार पडला होता.

निर्मात्याने सांगितलं नव्हतं, चॅनलने सांगितलं नव्हतं, ज्या दिग्दर्शकाबरोबर सहा वर्षं डबा वाटून खाल्ला त्यानेही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी माझ्या मरणाचा सीन केला. चांगला केला. उद्या सेटवर किती वाजता यायचं ते सांगणारा रात्रीचा कॉल टाइमचा मेसेज दुसऱ्या दिवसापासून बंद झाला. किती दिवस साडेदहा वाजले की हात फोनकडे जायचा.

तू या वळणावरून नुकतीच गेली आहेस, फक्त तुझ्या वाट्याला निरोपाचा केक आणि रडणं आलं. म्हणून सांगते, उद्याच फोन कर. क्रिएटिव्हशी, म्हणजे मालिकेची गोष्ट सांभाळणाऱ्या माणसाशी, बोल आणि सरळ विचार, ही बाई जगणार आहे की नाही? पहिल्या तीन महिन्यांत तिचे ट्रॅक कुठले? महिन्याला किमान किती दिवस धरणार? उत्तर ईमेलवर माग. तोंडी ‘अहो, खूप स्कोप आहे’ याला काही अर्थ नाही. कोणाचा ईमेल यायला फार दिवस लागले तर तेही एक उत्तरच समज.

आता वयाचं. आईला माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी मला कळते, पण पडद्यावरच्या मुलींमुळे कोणाची कूस अडत नाही. मूल कधी हवं, हवं की नको, हे तुम्ही दोघं ठरवा. नायिकेच्या तारखांसाठी ते आधीच पुढे ढकललं असेल, तर आता दुसऱ्या कोणा नायिकेच्या तारखांसाठी आणखी ढकलू नकोस. या विषयावर मी एवढंच बोलेन.

आणि नटीने आपल्या वयापेक्षा मोठं दिसणं यात कमीपणा असता, तर रोहिणीताई हट्टंगडींनी काय केलं असतं? ‘गांधी’चं चित्रीकरण झालं तेव्हा त्या जेमतेम तिशीच्या होत्या आणि कस्तुरबांचं म्हातारपण त्यांनी अंगावर घेतलं. बाफ्टा हा ब्रिटनचा पुरस्कार मिळाला. 1984 च्या ‘सारांश’मध्ये मुलगा गमावलेली म्हातारी पार्वती केली, तेव्हा वय तेहतीस. तुझ्यापेक्षा एका वर्षाने मोठ्या. त्या पार्वतीला काहीतरी हवं असतं. गेलेला मुलगा भाडेकरू मुलीच्या पोटी परत येतोय असं तिला वाटतं आणि त्या एका वाटण्यासाठी ती झगडते. सुरकुत्या मेकअपदादा काढून देतात. हवेपण लिहिलेलं असावं लागतं.

दुसरी बाजूही त्यांच्याच कारकिर्दीत आहे आणि ती तुझ्यापासून लपवणार नाही. 1990 च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, आणि बच्चन त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे! आपल्या धंद्यात बाईने एकदा आई केली की पुढचे फोन आईसाठीच येतात. पुरुषाचं असं होत नाही. हा अन्याय आहे, आणि तुझ्या आईला भीती वाटते ती नेमकी याची, फक्त त्यांनी ती वेगळ्या शब्दांत सांगितली. पुढे त्याच रोहिणीताई ‘चार दिवस सासूचे’ घेऊन तीन हजारांहून जास्त भाग उभ्या राहिल्या. सासू होती, पण मालिका तिच्या नावावर होती.

‘आई कुठे काय करते’ची अरुंधती घे. तीन मोठ्या मुलांची आई. 2019 च्या डिसेंबरपासून 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत मधुराणी प्रभुलकर यांनी ती केली. तिचं घर, तिचा नवरा, तिचं गाणं. मुलांच्या गोष्टी तिच्या गोष्टीच्या आत होत्या. तिथे आईची भूमिका म्हणजेच नायिकेची भूमिका होती.

हे मोजमाप तुझ्या पात्राला लाव. तिला स्वतःसाठी काय हवंय? मला काही दिसलं नाही. थोरलीचं लग्न हवंय, ते नायिकेच्या ट्रॅकसाठी. आजार आहे, तोही नायिकेच्या ट्रॅकसाठी. एकच गोष्ट मला त्या ओळीत जिवंत वाटली, पोळीभाजी केंद्र. पहाटे चारला उठून दोनशे पोळ्या लाटणारी, उधारी वसूल करणारी, गॅस सिलिंडरसाठी भांडणारी बाई! तिला ते केंद्र वाढवायचं असतं, मुलीच्या लग्नासाठी ते विकायची वेळ आली तर ती नाही म्हणाली असती, तर मी तुला पळत जा म्हटलं असतं. पण मालिकेत असली केंद्रं पहिल्या आठवड्यात दिसतात, मग भाड्याचं स्वयंपाकघर परवडत नाही म्हणून बाई कायम देव्हाऱ्यापाशी उभी असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ही भूमिका आत्ता जशी आहे तशी घेऊ नकोस. एकच वाट मला मान्य होईल. त्यांनी ईमेलवर कबूल केलं की बाई तीन महिन्यांत जाणार, तर ते तीन महिन्यांचं ठरलेलं काम म्हणून घे. पर डे, म्हणजे दिवसाचं मानधन, नेहमीपेक्षा वाढवून माग, दिवस लिहून घे, शेवटची तारीख लिहून घे, आणि त्या काळात नाटकाच्या प्रयोगांना सोडायची हमी घे. तीन महिन्यांत कोणी आईच्या साच्यात बसत नाही. वर्षं जावी लागतात. वर्षं कशी जातात तेही सांगते.

त्या जावेच्या मरणानंतर मी सहा महिने घरी होते. सातव्या महिन्यात घाबरून एक आई घेतली. करार वाचला नाही. पहिलं पान वाचलं, पर डेचा आकडा पाहिला आणि सही केली. आत लिहिलं होतं की मालिका चालू असेपर्यंत मी दुसऱ्या कुठल्या चॅनलवर दिसायचं नाही, आणि दिवसांची हमी कुठेच नव्हती. महिन्यातले सहा दिवस काम, तीसही दिवस बांधलेली. दोन वर्षं अशी गेली. त्या दोन वर्षांत दोन नाटकं विचारायला आली, दोन्ही सोडली. त्यातलं एक पुढे खूप चाललं. आजही त्याची जाहिरात दिसली की पान उलटते. मला भूमिकेने अडकवलं नाही गं, घाईने अडकवलं.

तुझी घाई कुठली, तर पाच तारीख. तेव्हा आता पैशांचं बोलू, अगदी आकडे मांडून.

समज, तू हो म्हटलंस आणि जुलैत शूट सुरू झालं. जुलैचं बिल तू ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात देशील. आपल्याकडचा रिवाज नव्वद दिवसांचा. म्हणजे पहिला पैसा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तोही सगळं वेळेवर झालं तर, दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, जाऊन. तुझी बचत जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर या चार हप्त्यांची. नोव्हेंबरची पाच तारीख आणि तो पहिला पैसा एकमेकांना जेमतेम शिवतात. ही भूमिका तुझे पुढचे चार हप्ते भरणारच नाही, ते तुझ्या बचतीतूनच जाणार आहेत. ज्या भीतीपोटी तू हो म्हणणार आहेस, तिच्यावर हे औषध दिवाळीपर्यंत लागू पडत नाही. नवऱ्याला हा हिशोब कागदावर दाखव. ‘काम आहे, घे’ म्हणणारा माणूस वाईट नसतो, त्याला नव्वद दिवसांचं गणित माहीत नसतं.

तुझा खरा पैसा जुन्या निर्मात्याकडे आहे. 2 लाख 80 हजार म्हणजे तुझे सहा हप्ते. तिथे लाग. फोन बंद कर, लिहायला लाग. आधी आयकराच्या संकेतस्थळावर जाऊन तुझं 26 एएस, म्हणजे तुझ्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता, काढ. तुझ्या बिलांवर टीडीएस कापून भरला असेल, तर त्या संस्थेच्या नावापुढे तो दिसेल. टीडीएस नुसता पैसे देताना कापतात असं नाही, हिशोबात तुझ्या नावे रक्कम जमा धरली तरी कापावा लागतो. त्या दोन महिन्यांचा आकडा तिथे असेल, तर ‘हिचं आम्ही देणं लागतो’ असं त्या संस्थेने सरकारलाच कळवलं आहे. मग ‘चॅनलकडून आले की’ या वाक्याला फार वजन राहत नाही. तुझा करार त्यांच्याशी आहे. आकडा नसला तरी हातपाय गाळू नकोस. कॉल टाइमचे मेसेज, तारखांची वही, बिलांच्या प्रती आणि प्रसारित झालेले भाग, सगळं गोळा कर. तारीखवार तक्ता करून ईमेल पाठव, पंधरा दिवसांची मुदत दे. तू सिंटाची, म्हणजे सिनेमा-टीव्ही कलाकारांच्या संघटनेची, सभासद असशील तर मुदत संपल्यावर तिथे लेखी तक्रार दे. नसशील तर सभासद हो, हे काम तू चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतंस. पैसे मागितले तर पुढचं काम मिळणार नाही, असं तुला कोणीतरी सांगेल. मलाही सांगितलं होतं. मी गप्प बसले. पुढचं काम त्या घरातून आलं नाही ते नाहीच, आणि पैसेही गेले.

सीएला दोन गोष्टी विचार. या वर्षी कमाई जवळजवळ नाही आणि गेल्या वर्षी टीडीएस कापला गेला, तर विवरणपत्र भरून काही परत मिळतं का? आणि वर्षाला 20 लाखांच्या वर जाऊन तू जीएसटी नोंदणी केली असशील, तर काम नसतानाही शून्याचं रिटर्न भरलं जातंय ना? मालिका संपली की मुली ते विसरतात आणि मग विलंब शुल्क चढत जातं. बँकेत मात्र हप्ता चुकायच्या आधी जा. मुदत वाढवून हप्ता कमी होतो का ते बघ. आधी जाणाऱ्याशी बँक वेगळं बोलते.

शिवाय आता सणांचे दिवस येतायत. मंगळागौर, दहीहंडी, गणपती, नवरात्र, गावोगावचे खेळ पैठणीचे. सुपाऱ्या, म्हणजे पैसे घेऊन कार्यक्रमांना पाहुणी म्हणून जाणं, घे. तुला त्या कमी प्रतीच्या वाटत असतील, तर ते मनातून काढ. साडेचार वर्षं रोज संध्याकाळी जिने घरात पाऊल ठेवलं, ती प्रत्यक्ष कशी दिसते ते बायकांना बघायचंय, त्यासाठी त्या तीन तास खुर्चीवर बसून राहतात. अर्धे पैसे आधी खात्यावर, गाडी त्यांची, बरोबर घरचं माणूस, परतीची वेळ आधी ठरलेली. एवढं पाळ. पात्राचं ते नाव अजून एक-दोन हंगाम तुला पैसे देईल, ते लाजेपायी वाया घालवू नकोस.

आता त्या कास्टिंगच्या मुलाच्या वाक्याकडे येते. मला वाटतं पत्रातलं सगळ्यात जास्त रडू त्याचं आहे.

तो खोटं बोलला नाही. पण ‘टीव्हीसारखं’ म्हणजे वाईट, असं त्याने तुला वाटू दिलं, ते चूक आहे. रोजची मालिका कोण बघतं? बघते कमी आणि ऐकते जास्त. संध्याकाळी पोळ्या लाटणाऱ्या बाईची पाठ असते टीव्हीकडे. तिला नुसत्या आवाजावरून कळायला हवं की सून दुखावली आहे. म्हणून तू वाक्याचा शेवट जरा ओढतेस, राग आणि दुःख आवाजात स्पष्ट ठेवतेस. दिग्दर्शकाला भागाच्या शेवटी तुझा क्लोज हवा असतो, त्यावर संगीत चढणार असतं, म्हणून वाक्य संपल्यावर चेहरा तीन-चार सेकंद तसाच धरून ठेवतेस. मनात येणारी भावना आधी चेहऱ्यावर आणि मग तोंडात, हा क्रम तुझ्या अंगात मुरला आहे. हे कसब आहे. सीन दहा मिनिटांपूर्वी हातात आला, चार पानं आहेत, बाहेर पाऊस म्हणून आवाज बंद होईपर्यंत थांबायचं, आणि लाइट आला की पहिल्या टेकला डाव्याच डोळ्यातून पाणी, कारण मास्टरमध्ये, म्हणजे आधी घेतलेल्या अख्ख्या सीनच्या शॉटमध्ये, डाव्या डोळ्यातून आलं होतं! हे करून दाखव म्हणावं त्या मुलाला.

पण वेबमालिकेत कॅमेरा तुझ्यापाशी येऊन थांबतो. तिथे चेहऱ्याने आधीच सांगून टाकलं की त्याला शोधायला काही उरत नाही. तुला वेगळं काही शिकायचं नाहीये, थोडं कमी करायला शिकायचंय. घरी एक कर. तुझ्याच मालिकेतला तुला पाठ असलेला सीन घे, फोन उभा कर, कोथिंबीर निवडायला बस आणि निवडता निवडता तो सीन बोल. आवाज निम्मा. वाक्य संपलं की हात चालूच राहू देत, चेहरा धरून ठेवायचा नाही. मग बघ. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही असं वाटेल. आठवडाभर रोज कर. कुठल्या तरी दिवशी एखादं वाक्य असं येईल की तूच दचकशील.

आणि नाटक कर. हे मी सगळ्यांनाच सांगते, पण तुला विशेष सांगते, कारण तू ठाण्यात राहतेस, गडकरी रंगायतन तुझ्या रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि नाटकाच्या निर्मात्यांना जाहिरातीत मालिकेतला ओळखीचा चेहरा हवा असतो. ज्या चेहऱ्याला चॅनलवाले आत्ता ‘थांब’ म्हणतायत, तोच तिकीटबारीवर चालतो. पण फार दिवस नाही, हे ध्यानात ठेव. मानधनाचं पाकीट मालिकेच्या पर डेपुढे लहान असेल, पण ते प्रयोगाला मिळतं, नव्वद दिवसांनी नाही. आणि समोरचा खोकला, समोरची शांतता तुला एका आठवड्यात सांगेल की कुठे ओढलंस. ते काम अकरा ऑडिशन करणार नाहीत. कोणाला फोन करू, असं विचारू नकोस. कराडला असताना एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धा केली असशील, तेव्हाचे दोघेतिघे आज कुठेतरी लिहीत, बसवत असतीलच. त्यांना कर. मालिकेच्या चार वर्षांत त्यांचे किती फोन उचलायचे राहिले हे तुला माहीत असेल. तरीही कर.

आठ महिने तुला फार वाटतायत. तेजश्री प्रधानची ‘होणार सून मी ह्या घरची’ 2016 च्या जानेवारीत संपली आणि ‘अग्गंबाई सासूबाई’ सुरू झाली 2019 च्या जुलैत. महाराष्ट्राने जिला जान्हवी म्हणून घराघरात बसवलं होतं, तिच्या दोन रोजच्या मालिकांमध्ये साडेतीन वर्षं आहेत. हर्षदा खानविलकर सहा वर्षं ‘पुढचं पाऊल’च्या आक्कासाहेब होत्या, 2017 मध्ये ती संपली. ती ठसठशीत टिकली आणि तो आवाज लोकांच्या डोक्यातून जाणं शक्य नव्हतं. मधे इतर कामं केलीच, पण 2024 च्या शेवटी त्या ‘लक्ष्मी निवास’मध्ये मध्यमवर्गीय लक्ष्मी होऊन आल्या, आणि मालिकेच्या नावात ती लक्ष्मी आहे. चॅनलवाला जेव्हा ‘थोडं थांबू या’ म्हणतो, तेव्हा तो दरवेळी टाळतच असतो असं नाही. प्रेक्षक जुना चेहरा विसरत नाहीत तोवर नवं पात्र बसत नाही, हे त्याचं गणित असतं. तुझ्या हातात एवढंच, की त्या थांबण्यात घर चालावं आणि अंगावर गंज चढू नये.

मंडईतल्या बायकांचं. स्मृती इराणींची ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ 2000 मध्ये सुरू झाली, 2008 मध्ये संपली. त्या केंद्रात मंत्री झाल्या, निवडणुका जिंकल्या, हरल्या, आणि 2025 च्या जुलैत ती मालिका परत आली तेव्हा पुन्हा तुलसीच होऊन उभ्या राहिल्या. सतरा वर्षांत ते नाव लोकांनी सोडलं नव्हतं. तुझ्या मंडईतल्या मावशींनी तुझं नाव विचारलं नाही, कारण त्यांना वाटतं ते त्यांना माहीत आहे. रोज ताटावर बसायच्या वेळेला तू समोर असायचीस. ‘वाळलीस गं’ हे त्या पाहुणीला म्हणत नाहीत, घरातल्या मुलीला म्हणतात. पुढच्या वेळी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता सांग, ‘मावशी, माझं खरं नाव हे.’ एकदा सांगून बघ. काही जणी विसरतील. एखादी पुढच्या आठवड्यात त्या नावाने हाक मारील आणि मग तुझं नाटक बघायलाही येईल. मला असा माझा पहिला प्रेक्षक दादरच्या फुलबाजारात भेटला होता, शेवंती विकणारी बाई. ती गेली तोवर माझ्या प्रत्येक नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला गजरा पाठवत होती.

आणि ते मंगळसूत्र. यात वेडेपणा काहीच नाही. साडेचार वर्षं, दिवसाचे बारा-बारा तास ते तुझ्या गळ्यात होतं. घरचं काढून ते घालायचं आणि रात्री ते काढून घरचं. कुठलं किती वेळ गळ्यात होतं याचा हिशोब केलास तर तुलाच नवल वाटेल.

थोरली जाऊ म्हणून माझ्या कमरेला चाव्यांचा जुडगा असायचा. शेवटच्या दिवशी मी तो पर्समध्ये टाकला, कोणाला न विचारता. सात चाव्या आहेत, एकही कुठल्या कुलपाला लागत नाही. त्यानंतर मी दोन घरं बदलली. सामान बांधताना दोन्ही वेळा मुलीने तो टाकून द्यायच्या डब्यात घातला, दोन्ही वेळा मी काढून घेतला. आत्ता हे लिहितेय त्या टेबलाच्या खणात आहे. ठेव तू ते मंगळसूत्र. कपाटातून काढ आणि खणात ठेव, रोजच्या वस्तूंबरोबर, जिथे हात सहज जातो.

ईमेलला काय उत्तर आलं ते कळव.

तुझी,
ताई